कॅलॅथियाच्या पानांच्या कडा का करपतात?

प्रश्न : आमच्या बेडरूममध्ये कॅलॅथियाची कुंडी आहे. एप्रिलपासून पानांच्या कडा तपकिरी होऊन करपत आहेत. रात्री एसी चालू असताना मापकावर २४ अंश सेल्सिअस आणि ४५ टक्के आर्द्रता दिसते. दुपारी बंद खोलीत ३८ अंश आणि २२ टक्के. दिवसातून तीनदा पाणी फवारूनही फरक पडत नाही. हे एसीमुळे होते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण आर्द्रतेबरोबर तापमानही कळवले हे फार चांगले झाले, कारण उत्तर त्या जोडीतच आहे. मापकावरची टक्केवारी हवेत किती वाफ आहे हे सांगत नाही. त्या तापमानाला मावू शकणाऱ्या वाफेपैकी किती भरलेली आहे, एवढेच सांगते. एक घनमीटर हवेत २४ अंशांना सुमारे २२ ग्रॅम वाफ मावते, ३८ अंशांना सुमारे ४६ ग्रॅम. म्हणजे आपल्या खोलीत रात्री आणि दुपारी वाफ जवळजवळ तेवढीच, साधारण १० ग्रॅम असते. मात्र रिकामी राहिलेली जागा रात्री १२ ग्रॅमची, तर दुपारी ३६ ग्रॅमची. ढोबळमानाने दुपारची हवा पानांतून तिप्पट ओढीने पाणी खेचते, मुळांकडून तेवढा पुरवठा होत नाही आणि पाणी सर्वांत शेवटी जिथे पोहोचते ती कड आधी वाळते.

तेव्हा दोष एसीपेक्षा दुपारी तापणाऱ्या बंद खोलीचा आहे. एसीचा झोत थेट पानांवर येत असेल, तर मात्र कुंडी अवश्य हलवावी. फवारलेले पाणी अशा हवेत काही मिनिटांत उडून जाते, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

विदर्भात घरोघरी असणारा कूलर इथे खरा उपयोगी आहे. पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता खर्ची पडते, त्यामुळे तापमान उतरते आणि आर्द्रताही वाढते. कुंडी दिवसा कूलरच्या खोलीत, झोतापासून दूर आणि थेट ऊन न येणाऱ्या उजेडात ठेवावी. कॅलॅथियाला ६० टक्के आर्द्रता मानवते, पण उन्हाळ्यात ५० टक्के टिकली तरी समाधान मानावे.

बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यानेही कडा करपतात. मातीवर पांढरा थर दिसत असल्यास आरओचे शुद्ध पाणी द्यावे. यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मुळीच देऊ नये, त्यात क्षार अधिक असतात.

पावसाळ्यात हवा आधीच दमट असते. तेव्हा फवारणी पूर्ण थांबवावी, माती वरून सुकल्यावरच पाणी घालावे आणि पानांवर बुरशीचे डाग पडू नयेत म्हणून खोलीतला पंखा मंद गतीने चालू ठेवावा.