आधी नमुना, मग नाव

परभणी

बाळा,
अनेक आशीर्वाद.

बुरशीच्या वर्गीकरणात आता आपल्यासाठी काही उरलंय का, असं विचारलंस. भरपूर उरलंय. आजवर दीड लाखाच्या आसपास प्रजातींना नावं मिळाली. एकूण प्रजातींचा २०१७ सालचा अंदाज २२ ते ३८ लाखांचा आहे. दहातल्या नऊ अजून बिननावाच्या.

वर्गीकरण म्हणजे नुसती नावांची उठाठेव, असं तुला कुणी सांगेल. त्याला बाजरीवर गोसावी रोग आणणारा जीव दाखव. कालपरवापर्यंत आपण त्याला बुरशीच म्हणत होतो. प्रत्यक्षात तो खऱ्या बुरशीचा भाऊबंदही नाही, त्याचं नातं तपकिरी शैवालांशी. खऱ्या बुरशीच्या पेशीपटलात असतं ते अर्गोस्टेरॉल नावाचं स्निग्ध द्रव्य त्याच्या पेशीत तयारच होत नाही, म्हणून ते रोखणारी ट्रायझोल गटातली औषधं त्याच्यावर चालत नाहीत आणि बियाण्याला मेटॅलॅक्झिल हे वेगळं औषध चोळावं लागतं. कुळ चुकलं की शेतकऱ्याचा पैसा पाण्यात.

आता तुझ्या तुरीच्या मर रोगाबद्दल. खोड उभं चिरलंस की सालीखाली काळपट तपकिरी रेघ दिसेल. तिथला तुकडा निर्जंतुक करून पीडीए या बटाट्याच्या पोषक माध्यमावर लाव. पांढरी कापसासारखी वाढ येईल आणि सूक्ष्मदर्शकाखाली कोयत्यासारखे वाकडे बीजाणू दिसतील. मग आयटीएस या डीएनएच्या तुकड्याचा क्रम काढशील. २०१२ पासून बुरशीची ओळख पटवणारा बारकोड म्हणून तोच मान्य आहे. पण मर आणणाऱ्या फ्युजेरियम बुरशीत तो वंशापर्यंत नेतो आणि प्रजातीच्या दारात सोडून देतो. तिथे टीईएफ-१ या जनुकाचा क्रम लागतो. शिवाय जेनबँक या डीएनए क्रमांच्या जाहीर साठ्यातली पहिली जुळणी डोळे झाकून उचलू नकोस. तिथल्या कितीतरी क्रमांवर मुळातच चुकीची नावं आहेत. तो क्रम कुठल्या नमुन्याचा, हे आधी तपास.

लैंगिक आणि अलैंगिक रूपांसाठी एका बुरशीला दोन नावं ठेवायची सोय २०११ च्या मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेनं मोडीत काढली, ते बरंच झालं. पुढचा तिढा मोठा आहे. मातीतून हजारो क्रम मिळतात, पण त्यांची धनी बुरशी कुणी पाहिलेली नाही. नुसत्या क्रमावर नाव द्यावं का? २०१८ साली प्वेर्तो रिकोच्या बुरशीशास्त्र परिषदेत याला मंजुरी मिळाली नाही. मला तो निर्णय पटतो, कारण हातात नमुनाच नसेल तर उद्या चूक तपासायची कशावर? तरी हे असं कायम चालणार नाही. पूर्ण जीनोम, म्हणजे जीवाचा सगळा डीएनए, वाचणं स्वस्त होतंय. तुमच्या पिढीला मार्ग काढावाच लागेल.

म्हणून आतापासून जपणूक शीक. वाळवलेला नमुना आणि जिवंत कल्चर (माध्यमावर वाढवलेली बुरशी), दोन्ही पुण्याच्या आघारकर संस्थेत जमा कर. वाण, जमीन, तारीख, गाव तिथल्या तिथे लिही. माळावरच्या वारुळांवरची भूछत्रं कागदी पिशवीत घे. प्लास्टिकमध्ये घाम धरून कुजतात.

तूर फुलोऱ्यात आली की मर ठळक दिसते. तेव्हा दोन दिवस सवड काढून ये, खोडं चिरायला मी सोबत बसेन.

तुझा,
सर