व्हीआर घोस्ट ट्रेनमध्ये खरंच भीती वाटते का? कुणी बसलंय का?

आधीच्या एका उत्तरात वाचलं, "आता भुताची कामं करायला माणसं लागणारच नाहीत, हेडसेट पुरे." ते वाचून राहवलं नाही, कारण ते काम मी केलंय. पगारी भूत होते मी. उपनगरातल्या एका मॉलमधल्या भूतबंगल्यात, वरच्या मजल्यावर फूड कोर्टाच्या मागे, दुपारी चारपासून मॉल बंद होईपर्यंत. सकाळी एकांकिकेच्या तालमी आणि दुपारनंतर काळा झगा. घरभाडं झग्यातूनच निघायचं.

आता तुमचा प्रश्न. परदेशातल्या व्हीआर घोस्ट ट्रेनमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून भुतं दाखवणाऱ्या गाडीत, कुणी बसलंय का, तिथे भीती वाटते का, आणि मुंबईत मॉलमध्ये तसलं काही असेल तर दोन मुलं आणि आईला घेऊन जावं का. तर हो, मी बसले आहे. इंग्लंडमध्ये, सरे परगण्यातल्या थॉर्प पार्क या करमणूक उद्यानात. जुलै २०१६ मध्ये ती राईड सुरू झाली तेव्हा डेरेन ब्राऊन या मनकवड्या जादूगाराचं नाव तिला होतं. मी गेले २०१७ च्या उन्हाळ्यात, म्हणजे कथेत थोडी फिरवाफिरव करून 'राईज ऑफ द डेमन' असं शेपूट जोडल्यावर. दादा तेव्हा लंडनजवळ स्लाऊला राहायचा, आयटीत होता. त्यानेच नेलं. का नेलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

त्याच्या आदल्या वर्षी आमचा भूतबंगला बंद झाला. प्लायच्या भिंती पाडून तिथे हलत्या खुर्च्या आणि हेडसेट आले. आम्हाला हे कळलं शनिवारी रात्री, झगे मोजून परत घेतल्यानंतर. मी दादाला फोन केला. वाटलं, दोन शब्द बरे बोलेल. तर म्हणतो कसा, "अगं, बरोबरच केलं त्यांनी. हेडसेटमधलं भूत सुट्टी मागत नाही, त्याचा घसा बसत नाही, गणपतीत गावाला जात नाही." सख्खा भाऊ हं. वर आणखी, "तू ये इकडे, तुझी जागा कुणी घेतली ते दाखवतो."

गेलो. वहिनी बाळाला घेऊन बाहेर थांबली.

आतलं पहिलं दृश्य मात्र मी मानलं. मोठी अंधारी शेड आणि तिच्या मधोमध व्हिक्टोरिया राणीच्या काळातला रेल्वेचा डबा, साखळ्यांनी हवेत लटकवलेला. खालून आरपार दिसतं असं वाटतं. नेपथ्य करणाऱ्याच्या पाया पडावं असं काम. जिना चढून डब्यात शिरलं की आत जुनाट काहीच नाही, लंडनच्या भुयारी रेल्वेचा आजचा डबा. बाहेरून एक, आतून दुसरंच. हेडसेट अजून डोक्याला लागलेलाही नसतो आणि निम्मं काम झालेलं असतं, तेही लाकूड, लोखंड आणि उजेड-अंधारावर. हे दादाला मी तिथेच बोलून दाखवलं. तो म्हणाला, थांब जरा.

मग एचटीसी व्हाईव्ह नावाचा हेडसेट चढवायचा. अर्धा किलोहून थोडं जास्त वजन, मानेला जाणवतं. ज्या डब्यात तुम्ही खरोखर बसलात तसाच डबा आत दिसायला लागतो, आणि बुडाखालचा डबा हलायला लागतो. इथे ज्याने डोकं चालवलं त्याचं कौतुक. व्हीआरमध्ये मळमळतं कारण डोळे सांगतात आपण पळतोय आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं आपण जागच्या जागी आहोत. मेंदूला दोघांचा मेळ घालता येत नाही. गाडीत मुळात बसूनच राहायचं असतं, डबा खरोखर हादरवता येतो, आणि डब्याची चौकट कायम समोर असल्याने नजरेला धरायला काहीतरी मिळतं. म्हणून ट्रेन. भुतांना रेल्वेचं प्रेम आहे म्हणून नव्हे.

आणि भूत? चांगलं होतं. एकदम तोंडाशी येतं. मी दचकले, दादा दचकला, शेजारची गोरी आजी दचकली, सगळे एकाच क्षणाला. माझा आक्षेप नेमका त्यावर आहे. भूत घड्याळावर चालतं. तुम्ही मान वळवा, डोळे मिटून घ्या, ते ठरलेल्या सेकंदाला ठरलेलंच करणार. तुम्ही कोण, एकटे आहात की चार जणांत, आधीच रडकुंडीला आलात की मजेत हसताय, त्याला काही पत्ता नाही. भीती 'काहीतरी दिसलं' याने वाटतेच, पण ती दोन मिनिटांत उतरते. 'कुणीतरी मला बघतंय' ही उतरत नाही. रात्री उशिराच्या बदलापूर लोकलमध्ये लेडीज डब्यात पोलीस बसलेला असायचा, तरी जाळीपलीकडून एखादा टक लावून बघत असला की काय होतं ते बायकांना सांगायला नको.

आता खरी गंमत. राईडच्या मध्यावर हेडसेट काढून सगळ्यांना डब्यातून खाली उतरवतात, अंधाऱ्या बोगद्यासारख्या जागेत. तिथे जिवंत नट असतात. त्यानंतर परत डब्यात आणि परत हेडसेट. म्हणजे ज्यांनी इतके पैसे ओतून व्हीआर आणलं त्यांनीही मधल्या जागेवर माणसंच ठेवली होती. मी तिथे पाऊल टाकलं आणि मला घरी आल्यासारखं वाटलं.

आमच्या कामाचे काही नियम असतात. किंचाळणाऱ्याच्या मागे लागायचं नाही, तो आधीच दमलेला असतो. हसणारा शोधायचा, आणि हसता हसता जो मागे वळून बघतो तो आपला. घाबरवायचं मागून किंवा बाजूने, म्हणजे लोक पुढे पळतात आणि पुढच्या खोलीतल्या भुताला वेळेवर मिळतात. समोरून घाबरवलं तर अख्खा घोळका उलटा फिरतो आणि मागच्यांवर आदळतो. अंगाला हात लावायचा नाही. त्याची गरजच नसते, वीतभर अंतर ठेवून उभं राहिलं की काम होतं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे काहीच न करणं. नवीन पोरं येतात आणि ओरडून ओरडून घसा फोडून घेतात. गप्प उभं राहायला शिकायलाच वेळ लागतो.

तर तिथे एक नट लोकांवर ओरडत होता, चला, पळा, पुढे व्हा. त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष. दुसरा भिंतीला लागून उभा, कळकट कपड्यांत, गप्प. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला सोडून दिलं. आपल्या जातीचं माणूस ओळखू येतंच. त्याने दादाला निवडलं. का नाही निवडणार? दादा त्या अंधारात मोठमोठ्याने मला समजावत होता, "एकेका डोळ्याला १०८० बाय १२०० पिक्सेल, सेकंदाला नव्वद चित्रं, म्हणून डोकं दुखत नाही, कळलं का?" हसत होता, आणि मध्येच मागे वळून बघतही होता. नट त्याच्या खांद्याशी आला. पावलाला पाऊल जुळवून चालायला लागला. एक शब्द नाही, हात नाही. मी एक पाऊल मागे राहिले, कुणाचा प्रवेश आपण खाऊ नये. दादा आणखी थोडा वेळ त्यालाच बहीण समजून तंत्रज्ञान समजावत राहिला. मग "काय गं, बोलत का नाहीस" म्हणून मान वळवली.

सरे परगण्यात त्या दिवशी मराठीत "आई गं!" इतक्या जोरात दुसऱ्या कुणी म्हटलं नसेल. ओरडणारा नटसुद्धा क्षणभर थांबला. दादा समोरच्या माणसावर जाऊन धडकला, त्याला सॉरी म्हणाला, मग मला सॉरी म्हणाला, मग त्या भुतालाही सॉरी म्हणाला. भूत तसंच उभं. जरासुद्धा हसला नाही तो. मला त्याला टाळी द्यायची होती, पण नियम म्हणजे नियम.

बाहेर आल्यावर दादाचं म्हणणं काय, तर पाय अडकला. गाडीत स्लाऊपर्यंत भांडलो. त्याचं हुकमाचं पान म्हणजे वॉटसन हॉटेल. १८९२ मध्ये कल्याणच्या पटवर्धनांनी शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले, हाताने रंगवलेल्या काचा सरकवून पडद्यावर गोष्ट दाखवायचे. चार वर्षांत, ७ जुलै १८९६ ला, काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकीट लावून फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंची हलती चित्रं आली, आणि त्यातही स्टेशनात शिरणारी आगगाडी होती. "तुझी भुतं म्हणजे खरोलिका," दादा म्हणाला. "गाडी आली की खरोलिका जाते."

मी म्हटलं, मग पेपरचं भूत घे. १८६२ मध्ये लंडनला जॉन पेपरने रंगमंचावर तिरकी मोठी काच उभी केली, खालच्या खड्ड्यात प्रेक्षकांना न दिसणारा नट ठेवला आणि त्याच्यावर झगझगीत उजेड टाकला. काचेत त्याचं पारदर्शक प्रतिबिंब दिसायचं आणि वरचा नट त्याला तलवारीने आरपार कापायचा. सिनेमा आला, टीव्ही आला, तरी ती युक्ती मेली नाही. १९६९ सालच्या डिस्नेलँडच्या भूतमहालात आजही तीच काच चालते. तिथे खड्ड्यातल्या नटाच्या जागी यांत्रिक बाहुल्या आहेत, हे दादाने लगेच दाखवून दिलं आणि ते खरं आहे. पण प्रेक्षक बाहुल्यांना घाबरत नाही, त्यांना बघून छान म्हणतो. माझा मुद्दा तोच.

पुढचं तुम्हीच बघा. थॉर्प पार्कच्याच मालकांच्या ऑल्टन टॉवर्स या दुसऱ्या पार्कात २०१६ लाच रोलर कोस्टरवर हेडसेट देऊन 'गॅलॅक्टिका' काढली होती, तिथले हेडसेट पुढे काढून टाकले. आणि थॉर्प पार्कची ही राईड २०२३ मध्ये पुन्हा उघडली ती नुसती 'घोस्ट ट्रेन' म्हणून. डबा आहे, व्हीआर नाही. बातमी मी दादाला पाठवली. त्याने उत्तरादाखल फक्त अंगठा पाठवला.

कारणं माझ्या मते साधी आहेत. प्रत्येक फेरीला प्रत्येक हेडसेट पुसा, पट्टा आवळा, चष्मेवाल्यांचं बघा, एक बंद पडला की सगळे खोळंबले. रांग वाढते आणि राईड रांगेवरच जगते. इथे त्यात मुंबईची भर घाला. घामाने काचा धुरकटतात, आणि आधीच्या गिऱ्हाईकाच्या खोबरेल तेलाचा वास नाकाशी. आमची जागा घेतलेल्या त्या खुर्च्यांवर मी एकदा तिकीट काढून बसले होते, माझं भूत सुरुवातीपासून शेवटपर्यंत धुक्यात होतं. तिथला पोरगा म्हणाला, मॅडम, इफेक्ट आहे.

तरी जायचंच असेल तर बसताना दोन गोष्टी मागा. एक, समोर काच पुसून घ्या. दुसरं, दोन भिंगांमधलं अंतर जुळवून द्यायला सांगा. मोठ्या माणसाच्या बुबुळांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास अंतर असतं, मुलांचं कमी. ते जुळलं नाही तर चित्र फुटतं, डोकं धरतं आणि दोष भुताला लागतो. मुलांचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. मेटा कंपनी तिचे हेडसेट दहा वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत म्हणते, तेवढं धरून चाला. तिकीट काढण्याआधी काउंटरवर विचारा, आत माणसं आहेत का? नसतील तर मी तरी पैसे घालणार नाही. त्यापेक्षा एक दिवस काढून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जा, तिथे सलीमगड नावाचा भुताचा किल्ला आहे. एस्सेलवर्ल्डचा 'मॉन्स्टर्स इन द मिस्ट' म्हणाल तर तो आता नाही, ते पार्कच बंद झालंय.

हे सगळं एका बाजूचं आहे, उघड आहे. माझी नोकरी गेली होती. ज्या मुलांनी व्हीआर कधीच पाहिलेलं नाही त्यांना पहिल्या वेळी अफाट मजा येते, माझ्या भाचीला आली. दादाचंही अजून तेच म्हणणं आहे की २०१७ चे हेडसेट कच्चे होते आणि आताच्यांवर मी बोलूच नये. बोलू दे.

आईंना मात्र कुठल्याच प्रकारात आत नेऊ नका, बीपी आहे असं तुम्हीच लिहिलंय. बाहेर कॉफी घेऊन बसवा. कुणाला फिट येत असतील तर लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या खोल्याही नकोत, मग भूत माणूस असो की मशीन. मुलं घाबरली तर दारावरच्या मुलाला मोठ्याने सांगा, दिवे लावतात, त्यात लाज नाही. आणि आत काळ्या कपड्यातलं कुणी दिसलं तर त्याच्या तोंडावर मोबाईलचा टॉर्च मारू नका. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि तुमच्या मागून पुढचा घोळका येतच असतो.