थकबाकी दुसऱ्या कार्डावर हलवू का?

प्रश्न : भावाच्या आजारपणात क्रेडिट कार्डावर ८०,००० रुपये झाले. व्याज महिना साडेतीन टक्के. दरमहा ४,००० भरते, तरी बाकी उतरत नाही. दुसरी बँक हीच बाकी दीड टक्क्याने आपल्या कार्डावर घेते म्हणते. घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, घ्या. तुमचे बिल मांडून बघू. व्याज २,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४, म्हणजे ३,३०४ रुपये असेच जातात. मुद्दलाला जेमतेम सातशे लागतात, मग बाकी उतरणार कशी? दीड टक्क्याने हाच आकडा जीएसटीसह १,४१६ होतो. बाकी हलवण्याचे शुल्क एक टक्का असेल, तर जीएसटी धरून ९४४, तेही एकदाच. पहिल्याच महिन्यात ते वसूल!

पण हा दर किती महिने, हे बँकेकडून लेखी घ्या. मुदत सरली की दर पुन्हा चढतो. वर्षाची मुदत मिळाली तर हप्ता साडेसात हजारांच्या आसपास बसेल. जुन्या कार्डाचे पुढचे बिलही बघा, मधल्या दिवसांचे व्याज त्यात येते.

आणि कळकळीने सांगते, नव्या कार्डावर किराणासुद्धा घेऊ नका. बाकी असताना नव्या खरेदीला बहुधा बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

साडेसात हजार झेपत नसतील तर घरातला एखादा दागिना बँकेत तारण ठेवा. त्यात कमीपणा मुळीच नाही, आणि बँकेच्या सोनेतारण कर्जाचा दर सहसा याहूनही कमी असतो.