तारखा चुकल्या, तिथी चुकली नाही

प्रश्न : डॉक्टर, माझी आई ६२ वर्षांची आहे. औसा तालुक्यातलं आमचं गाव १९९३ च्या भूकंपात पडलं. माझा सहा वर्षांचा भाऊ आणि आजी त्यात गेले. मी चार वर्षांची होते. त्या रात्री आजोबांजवळ अंगणात बाजेवर झोपले होते, म्हणून वाचले. मला त्यातलं काहीच आठवत नाही. आई कधी बोलत नाही. विचारलं तर "झालं ते झालं" म्हणून भाजी निवडायला बसते.

बाबा २०२२ च्या उन्हाळ्यात गेले, तेव्हा मी तिला पुण्याला आणलं. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. तेव्हापासून दरवर्षी तिला एकदा मोठा झटका येतो. छाती थाडथाड उडते, दरदरून घाम येतो, मुंग्या येऊन हाताची बोटं आखडतात, "जीव चालला गं" म्हणते. इमर्जन्सीत न्यावं लागलं ते दिवस फाइलमधून उतरवून देते: १० सप्टेंबर २०२२, २९ सप्टेंबर २०२३, १८ सप्टेंबर २०२४, ७ सप्टेंबर २०२५. चारही वेळा पहाटे. ईसीजी, दोनदा टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, एंडोस्कोपी सगळं झालं. सगळं नॉर्मल. "हवा बदलते ना, होतं या वयात" असं सांगून अल्प्राझोलाम (घाबरेपणा दाबणारी गोळी) दिलंय, ते ती तीन वर्षं रोज घेते. मला भूकंपाची शंका आली होती. पण तो ३० सप्टेंबरचा, आणि त्या दिवशी ती अगदी ठीक असते. भावासाठी दिवा लावते, जेवते, झोपते.

ऑफिसमधल्या मैत्रिणीने एका शिबिराची जाहिरात पाठवली आहे. दोन दिवसांत शरीरात साठलेला ट्रॉमा, म्हणजे जुना आघात, बाहेर काढतात, फी १८ हजार. आईला नेऊ का? गावी असताना असं कधी झालं नव्हतं. तिथे तर विसर्जनाच्या रात्री गल्लीतल्या बायका मारुतीच्या पारावर भजनाला बसायच्या आणि उजाडल्यावरच उठायच्या, तरी कुणाला काही व्हायचं नाही. माझंच काही चुकलं का? मलाही हल्ली नीट झोप नाही. बेडरूमच्या दाराला कडी लावलेली मला चालत नाही, त्यावरून नवऱ्याशी वाद होतात. पण तो वेगळा विषय.

— क. ज., पुणे

उत्तर : तुमच्या चार तारखा एका कागदावर लिहिल्या आणि सासूबाईंच्या खोलीत गेले. आमच्या सोलापूरचं दाते पंचांग त्या दरवर्षी घेतात आणि जुनं कधी टाकत नाहीत. यावरून आमच्या घरी वाद होतो, पण या वेळी मी मुकाट्याने माळ्यावरचा गठ्ठा काढला. अनंत चतुर्दशी २०२२ मध्ये ९ सप्टेंबरला होती. २०२३ मध्ये २८ ला, २०२४ मध्ये १७ ला, २०२५ मध्ये ६ ला. तुमच्या आईचा झटका चारही वर्षं विसर्जनानंतरच्या पहाटे आला आहे.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. तुम्ही सरकारी तारीख धरून हिशेब केलात. आईचा हिशेब त्या रात्रीशी आहे. यात चमत्कार नाही. शरीराला पंचांग वाचता येत नाही, पण खुणा कळतात. आरतीचा आवाज, "पुढच्या वर्षी लवकर या", उशिरापर्यंत जागलेलं घर, जवळजवळ भरलेला चंद्र, पहाटेचा गारवा. एवढ्या खुणा एकत्र आल्या की मेंदूतली धोक्याची घंटा वाजते आणि ती माणसाला विचारून वाजत नाही. ॲड्रेनलिन सुटतं, काळीज धावायला लागतं. श्वास भराभरा चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यानेच मुंग्या येतात आणि बोटं आखडतात. म्हणजे आईला जे होतं ते खरंखुरं शरीरात होतं. रिपोर्ट नॉर्मल येतात कारण तुम्ही हॉस्पिटलात पोचेपर्यंत ते ओसरलेलं असतं, आणि इकोच्या यंत्रात ती रात्र दिसत नाही.

त्यात पुण्याची मिरवणूक. ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. डीजेच्या भिंतीसमोर छातीचा पिंजरा थरथरतो हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. नवव्या मजल्यावर सरकत्या खिडक्यांच्या काचा पहाटे चारला खडखडायला लागल्या, तर ते इतरांसाठी ढोल असतील. तुमच्या आईने तसा खडखडाट याआधी ऐकलाय, तो भांड्यांच्या उतरंडीचा होता.

आता माझं सांगते. १९९३ साली मी सोलापुरात इंटर्नशिप करत होते. पहिल्या दिवसांत हाडं मोडलेली माणसं येत होती, तेव्हा आम्हाला काय करायचं ते कळत होतं. दोन-तीन महिन्यांनी मला पत्र्याच्या शेडमधल्या एका कॅम्पवर पाठवलं. तिथे रांगेत बायका. "काळीज उडतंय", "पोटात कालवतंय", "अंग पेटल्यावानी होतंय". आम्ही बीपी बघायचो, ठीक असायचं. केसपेपरवर 'फंक्शनल' लिहायचं आणि बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन द्यायचं. फंक्शनलचा आमच्या भाषेतला अर्थ 'हिला काही झालेलं नाही'. अशा किती कागदांवर माझी सही आहे, देव जाणे. या त्रासाला पुस्तकात स्वतंत्र नाव मिळून तेव्हा तेरा वर्षं झाली होती. १९८० साली अमेरिकेच्या मनोविकारांच्या यादीत 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' आलं होतं. आमच्यापैकी कुणी तो धडा परीक्षेपलीकडे वाचला नव्हता. तुमच्या आईला "हवा बदलते ना" म्हणणाऱ्या डॉक्टरांवर मी म्हणूनच फार तोंड टाकत नाही.

तुमच्या पत्रातलं पारावरच्या भजनाचं वाक्य मी पुनःपुन्हा वाचलं. त्या बायका ती रात्र जागून काढत होत्या. घराबाहेर, उघड्यावर, एकमेकींच्या मांडीला मांडी लावून, तीन छप्पन्न टळून उजाडेपर्यंत. टाळ हातात, श्वास अभंगाच्या चालीवर. लांब सूर धरला की उच्छ्वास आपोआप लांबतो आणि धडधड उतरते, हे आज आम्ही क्लिनिकमध्ये वेगळे पैसे घेऊन शिकवतो. तिथे कुणी कुणाला "काय झालं होतं ते सांग" म्हणत नव्हतं, कारण प्रत्येकीच्या घरातलं कोण गेलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावी तिला झटका आला नाही तो यामुळे, असं माझं मत आहे.

तुमचं चुकलं का? नाही. पण शेजारणींपासून तुटणं तिच्या वाट्याला दुसऱ्यांदा आलंय हे लक्षात घ्या. पुनर्वसनाची गावं तुम्ही पाहिली आहेत. रुंद रस्ते, सरळ रांगा, आणि जमीन किती त्यावर घर २५०, ४०० की ७५० चौरस फुटांचं ते ठरलेलं. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बायका गावाच्या दोन टोकांना गेल्या. पक्क्या घराच्या स्लॅबखाली झोपायला घाबरून दारात पत्र्याचं छप्पर टाकून निजणारी माणसं मी कितीतरी वर्षांनंतरही पाहिली. तरी त्या बायकांनी पार शोधून काढला. मग नवरा गेला, आणि पार सुटून लिफ्ट आली. तुमच्या सोसायटीत तिला नावाने हाक मारणारं तुमच्याशिवाय कोण आहे?

शिबिराला नेऊ नका. 'ट्रॉमा' हा शब्द आता फार स्वस्त झालाय. गुडघेदुखीपासून शुगरपर्यंत सगळं त्याच्या खात्यावर टाकतात. १९९८ साली अमेरिकेत फेलिट्टी आणि आंदा यांनी साडेनऊ हजारांवर माणसांची माहिती तपासून दाखवलं, की बालपणी घरात मारझोड, छळ, व्यसनं जितकी जास्त, तितकं पुढे हृदयविकारासारख्या आजारांचं प्रमाणही जास्त. मोलाचा अभ्यास आहे. पण तो प्रमाण सांगतो, एकेका माणसाचं भविष्य नाही, आणि दोन दिवसांत काही बाहेर काढता येतं असं त्यात कुठेही नाही. अनोळखी हॉलमध्ये, माइकवरच्या माणसाने "आता तो क्षण पुन्हा जगा" म्हटलं तर तुमच्या आईला झटका तिथेच येईल.

करायचं ते असं. अल्प्राझोलाम अचानक बंद करू नका. तीन वर्षं रोज घेतलेली ही गोळी एकदम सोडली तर थरथर, निद्रानाश, क्वचित फिटसुद्धा येते. मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीत हळूहळू कमी करायची. या आजारावर ती औषध नाहीच, नुसतं पांघरूण आहे. लागलं तर ते सर्ट्रालिनसारखं औषध देतील, त्याचा गुण यायला काही आठवडे जातात. ट्रॉमावर काम करणारी थेरपी पुण्यात मिळते; कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा एक प्रकार आहे, डोळ्यांच्या हालचालींची ईएमडीआर आहे. मात्र थेरपिस्टला मराठवाड्याची बोली कळली पाहिजे. "जीव वर-वर येतोय" याचं भाषांतर करण्यात तास गेला तर काय उपयोग! आधी नुसतं बोलून बघायचं असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. विमा कंपनी "मानसिक आजार बसत नाही" म्हणाली तर २०१७ च्या कायद्याचं नाव घ्या. शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यायला त्या बांधील आहेत. आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ यांचा पत्रात उल्लेख नाही, ते तपासून घ्या. उद्या चतुर्दशी नसताना छातीत दुखलं, जबडा किंवा हात भरून आला, तर "तिचं ते नेहमीचं" म्हणून घरी बसू नका. आम्ही एकदा 'फंक्शनल' लिहून चुकलो, तुम्ही 'ट्रॉमा' म्हणून चुकू नका.

यंदा गणपती बसले की रजा टाका आणि विसर्जनाच्या आधी तिला गावी न्या. पारावर आता कोण कोण उरलंय ते आधी फोन करून विचारा. दोघीच असल्या तरी चालेल. तुम्हीही बसा. टाळ वाजवता येत नसले तर चहाचं बघा.

एक गोष्ट मात्र तिला विचारू नका. आदल्या वर्षापासून, १९९२ पासूनच, त्या भागात जमीन हादरत होती. लोक घाबरून बाहेर झोपले, मग काही होत नाही म्हणून हळूहळू आत गेले. कॅम्पवर बायका औषधाची पुडी हातात घेतल्यावर, जाता जाता, एकच वाक्य बोलायच्या: "मीच आत निजवलं हो त्याला." तुम्ही अंगणात होतात आणि भाऊ घरात. हे कसं ठरलं, कुणी ठरवलं, हे तिला माहीत असेल किंवा नसेल. सांगायचं तर ती सांगेल. थेरपिस्टला सांगेल, पाराला सांगेल, कदाचित तुम्हाला नाही सांगणार.

आणि दाराच्या कडीचं. वेगळा विषय म्हणालात, पण भूकंपात चौकटी वाकून दारं अडकली होती, हे मी जखमींच्या तोंडून तेव्हा ऐकलंय. काही आठवत नाही हे खरं असेलच. नवऱ्याला हे पत्र वाचायला द्या, आणि मला दुसरं लिहा. त्यात आईबद्दल एक ओळही नको. आजोबांच्या बाजेपासून सुरू करा.