इगतपुरीहून घरी आल्यावर

दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर झालं, छान. खरी परीक्षा आता घरात आहे. दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायची साधना, शिकवून शिबिरातलं मौन सोडवतात ते उगाच नाही. एकदम गजबजाटात गेलं की मन भांबावतं. त्यामुळे पहिला आठवडा मोठे विषय काढू नकोस. नोकरी सोडायची, वाटण्यांचं बोलायचं, सगळं थांबू दे.

सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलंय, तो नियम पाळ. पण सकाळी घरात डबे, शाळा, पाणी भरायची घाई असताना तू दार लावून बसलीस, तर ती साधना बाकीच्यांच्या अंगावर पडते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आधी उठ, किंवा सगळे बाहेर पडल्यावर बस.

राग येईल, नक्की येईल. तेव्हा त्या माणसाचा विचार करत बसण्यापेक्षा शरीरात काय चाललंय ते बघ: कानशिलं तापतात, छाती भरते, श्वास आखूड होतो. आनापान, म्हणजे येता-जाता श्वास नुसता बघणं, पहिले तीन दिवस करून घेतात, ते याच वेळी कामी येतं. चार-पाच श्वास बघ आणि मग बोल. पण बोल मात्र नक्की! तिथलं ते मौन, आर्य मौन म्हणतात ते, शिबिरापुरतं असतं. घरात अबोला धरलास तर सासूबाईंना तो रुसवाच वाटणार, आणि त्यांचं चुकणारही नाही.

आणि नवऱ्याला लगेच शिबिराचा फॉर्म भरायला लावू नकोस. त्यानं विचारलं तर सांग.