मुलीला सातवीचं सामान्य विज्ञान घरी, ख्रिस्ती दृष्टीने कसं शिकवावं?

सलाम ताई,

तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत आहे, यंदापासून तिला घरीच शिकवताय, अमेरिकेतल्या दिरांनी तिथल्या ख्रिस्ती होमस्कूलिंगची सायन्सची जाडजूड पुस्तकं पाठवली आहेत. आता ती वापरावीत की बालभारतीचं, आणि बायबलमधल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय (देवाने सहा दिवसांत सृष्टी केली तो) व पृथ्वीचं वय मुलीपुढे एकत्र कसे ठेवावेत, असा तुमचा प्रश्न आहे. आम्ही मूळचे नगरचे, आता पुण्यात असतो. लेकीला सहावी ते आठवी मी घरी शिकवलं. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे, पण शिक्षिका कधीच नव्हते. तेव्हा जे करून पाहिलं तेवढंच सांगते.

पहिल्या वर्षी मी प्रत्येक धड्याला बायबलचं एक वचन जोडत होते. जलचक्र आलं की उपदेशक 1:7, सगळ्या नद्या समुद्राला मिळतात तरी समुद्र भरत नाही. मुंगी आली की नीतिसूत्रे, सहावा अध्याय. वचनं सुंदर आहेत, पण दोन-तीन महिन्यांत लेकीला सवय लागली. धडा संपला की ती वचन शोधून वहीत उतरवायची आणि वही मिटायची. तिला वाटायचं, वचन लिहिलं म्हणजे विषय देवाला पोचला. मीच तिला तसं शिकवलं होतं.

मग पाणी उकळण्याचा दिवस आला. गॅसवर पातेलं, त्यात प्रयोगशाळेतला तापमापक दोरीने टांगलेला, तळाला न टेकवता. दर मिनिटाला आकडा लिहायचा. मी ओट्यापाशी कांदा चिरत होते. पाणी खळखळून उकळायला लागलं, पारा एका जागी थांबला आणि तिने वहीत लिहिलं, 100. मी सहज जाऊन पाहिलं तर पारा 98वर होता. म्हटलं, बाळा, इथे तर अठ्ठ्याण्णव दिसतंय. ती म्हणाली, "हो, पण पुस्तकात शंभर आहे ना मम्मी. आपलं चुकलं असेल."

मी गॅस बंद केला आणि खाली बसले. दहा आज्ञा तिला पाठ होत्या, शब्बाथ शाळेत बक्षीसही मिळालं होतं. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा तिने शेजाऱ्यापुरती धरली होती. पाण्याबद्दल, तापमापकाबद्दल, देवाने केलेल्या वस्तूबद्दल साक्ष देतानाही ती लागू होते, हे तिला मी कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. तिने 100 खोडलं नाही, त्यावर एक रेघ मारली आणि शेजारी 98 लिहून तारीख घातली. खोडरबर वापरायचं नाही, चुकलेला आकडाही दिसला पाहिजे, हा नियम तेव्हापासून आमच्या घरी आहे.

पुढे जे झालं ते विज्ञान म्हणून फार मोलाचं होतं. आमचं चुकलं होतं का, हे आधी तपासलं. बर्फाच्या चुऱ्यात तापमापक बुडवला, तो बरोबर शून्य दाखवत होता. मग पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे हे तिने शोधून काढलं. उंच गेलं की वरच्या हवेचा दाब कमी होतो, पाण्याच्या वाफेला बाहेर पडायला कमी जोर लागतो, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. ढोबळ हिशेब, दर 300 मीटरला एक अंश. मुंबईला नणंदेकडे गेलो तेव्हा तापमापक बरोबर नेला, तिथे 100 आलं. मे महिन्यात महाबळेश्वरला, जवळजवळ 1350 मीटरवर, उतरलेल्या घराच्या स्वयंपाकघरात परवानगी मागून पाणी उकळलं, साडेपंच्याण्णवच्या आसपास आलं. तीन ठिकाणं, तीन ठिपके, आणि ते आलेखावर जवळपास एका सरळ रेषेत बसले. त्या रेषेकडे ती किती वेळ बघत बसली होती, ते मला अजून आठवतं. तेव्हा मी कुठलंही वचन सांगितलं नाही. रात्रीच्या प्रार्थनेत तिने आपणहून पाण्यासाठी देवाचे आभार मानले.

याच धड्याला जोडून बिनसुईच्या सिरिंजचा प्रयोग करा. चांगलं गरम पाणी थोडंसं ओढून घ्या, टोकाला बोट दाबा आणि दट्ट्या मागे खेचा. दाब उतरतो आणि गॅस नसताना पाण्याला बुडबुडे येतात. पाणी भाजणारं नको, आणि पहिल्यांदा तुम्ही स्वतः करा. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने 1660च्या सुमारास हवा काढून घेणाऱ्या पंपाखाली गरम पाणी असंच उकळताना पाहिलं होतं. तोच बॉइल आयरिश भाषेत बायबल छापायला स्वतःचे पैसे देत होता. हे लेकीला सांगितलं ते बॉइल आपल्यातला होता म्हणून मिरवायला नाही. एकच माणूस दोन्ही कामं मनापासून करू शकतो, एवढं तिला दिसावं म्हणून. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या जुन्या दारावर स्तोत्र 111चं दुसरं वचन लॅटिनमध्ये कोरलेलं आहे. परमेश्वराची कृत्ये थोर आहेत, ज्यांना ती आवडतात ते त्यांचा शोध घेतात, असा त्याचा अर्थ. आठवीत इलेक्ट्रॉन शिकवाल तेव्हा सांगा, तो 1897मध्ये त्याच प्रयोगशाळेत सापडला.

आता पुस्तकांचं. कणा म्हणून बालभारतीचं 'सामान्य विज्ञान'च धरा. पीडीएफ मोफत मिळते, भाषा मुलीची आहे, आणि पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून, खाजगी विद्यार्थी म्हणून, दहावीला बसवलंत तर रस्ता तुटत नाही. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून जायचं असेल तरी पाया तोच लागतो. दिरांनी पाठवलेली पुस्तकं टाकून देऊ नका. त्यांतले प्रयोग बहुतेक स्वयंपाकघरातल्या सामानात होतात आणि पायऱ्या फार नीट लिहिलेल्या असतात, ते घ्या. पण त्यांतली झाडं मेपल आणि ओक, पक्षी तिथला रॉबिन, ऋतू चार. आपल्या मुलीने पिंपळ, बुलबुल आणि मृगाचा पाऊस सोडून मेपलचं पान का काढावं?

वनस्पतींच्या धड्यासाठी मला फादर सांतापाऊंचा आधार झाला. ते कॅथलिक, जेझुइट संघाचे, आम्ही प्रोटेस्टंट. लेकीला त्याने काही फरक पडला नाही. स्पेनमध्ये जन्मलेला हा धर्मगुरू मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचा आणि खंडाळ्याच्या डोंगरात वर्षानुवर्षं हिंडून तिथल्या झाडाझुडपांची नोंद करायचा. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले, 1967मध्ये पद्मश्री मिळाली. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी ज्या कुळातली, त्या कुळावर त्यांचं मोठं काम आहे. आम्ही त्यांच्या धर्तीवर वर्तमानपत्रात पानं दाबून घरचा संग्रह केला. प्रत्येक पानाखाली जागा, तारीख आणि मराठी नाव. आदामाने प्राण्यांना नावं दिली, हे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. वर्गीकरण शिकवताना ते मी वाचलं, कारण तिथे ते खरंच धड्याच्या आतलं होतं.

आणि मुलगी तुम्हाला अडचणीत टाकणारे प्रश्न विचारेल. विचारू द्या. बियांचा धडा चालू असताना माझ्या लेकीने मिसळणाचा डबा पुढे ओढला, मोहरी आणि खसखस शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाली, "प्रभू तर म्हणाले मोहरीचा दाणा सगळ्यांत लहान. खसखस बारीक आहे की!" माझ्या पोटात गोळा आला. मग दोघींनी मिळून मत्तय 13 पुन्हा वाचलं. प्रभू गालीलच्या माणसांशी त्यांच्या शेतात पेरल्या जाणाऱ्या दाण्याबद्दल बोलत होते, आणि सांगत होते ते स्वर्गाच्या राज्याबद्दल. बियांचं मोजमाप सांगायला ते बसले नव्हते. ऑर्किडचं बी तर धुळीच्या कणाएवढं असतं, तेही मी तिला सांगितलं. तिचं समाधान झालं. मी तिला दटावलं असतं तर ती त्या दिवसापासून दोन वह्या ठेवायला लागली असती, एक मम्मीला दाखवायची आणि एक मनातली.

पृथ्वीच्या वयाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आणि आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काही जणांना ते पटत नाही, हेही सांगते. अमेरिकेतून येणाऱ्या अशा बऱ्याच पुस्तकांत पृथ्वी काही हजार वर्षांची धरलेली असते. तुमच्या पुस्तकांत काय आहे ते आधी स्वतः वाचून घ्या. मी लेकीला साडेचार अब्ज वर्षं असंच शिकवलं. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाट लागतो. तिथे गाडी सुरक्षित जागी थांबवून समोरच्या डोंगरांकडे बघायला लावा. जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा काळा कातळ झाला, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. या भागातल्या थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा पट्टा असतो. एक थर थंड झाला, ऊन-पावसाने झिजला, वरची माती झाली, मग त्यावर पुढचा लाव्हा आला. आपल्या अंगणातल्या कातळाची माती व्हायला किती काळ लागतो याचा विचार केला की त्या एका पट्ट्यामागे किती वर्षं असतील, हे सातवीच्या मुलीलाही उमगतं. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा नियम 1669मध्ये निकोलस स्टेनोने मांडला, आणि तो पुढे बिशप झाला.

हा डोंगर देवाने केला असेल तर डोंगराची साक्ष मी खोटी कशी ठरवू? आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय मी तिला अभ्यासाच्या वेळात शिकवत नाही. तो आम्ही सकाळच्या उपासनेत, उभं राहून, मोठ्याने वाचतो. ही सृष्टी कोणाची आणि ती चांगली आहे, हे तो सांगतो. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे दुर्बिणीच्या कितीतरी आधी, बिशप ऑगस्टीननी उत्पत्तीवर लिहिताना बजावलं होतं की आकाश आणि ताऱ्यांबद्दल जे इतरांना अनुभवाने ठाऊक आहे, त्याबद्दल ख्रिस्ती माणूस बायबलच्या नावाने भलतंच बोलला तर ऐकणारे पुनरुत्थानावर तरी विश्वास का ठेवतील? तुमचे दीर किंवा पाळकसाहेब सहा दिवस अक्षरशः मानत असतील तर मुलीसमोर वाद घालू नका. विश्वासणाऱ्यांत याबद्दल वेगवेगळी मतं आहेत आणि तरी ते एकाच प्रभुभोजनाला बसतात, हे तिला सांगा.

उत्क्रांतीचंही तसंच. सातवीत अनुकूलन येतं, तेव्हाच सुरुवात करा. दहावीच्या विज्ञान भाग 2मध्ये पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. तो मुलीने पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या तोंडून, तिच्या विश्वासाची चेष्टा होत असताना ऐकावा असं मला तरी वाटलं नाही. आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याच्या रोपांवरून शोधणारा मेंडेल मठातला साधू होता, तिथून सुरुवात केली तर पुढचं सोपं जातं.

वेळापत्रक फार कडक नको. आठवड्याला तीन दिवस, त्यातला एक पूर्ण प्रयोगाचा. परीक्षा मी तोंडी घ्यायचे, आणि मार्क वहीच्या खरेपणाला असायचे.

तापमापक 110 अंशांपर्यंतचा घ्या, तापाचा चालणार नाही. आमचा पाऱ्याचा होता, पण तुम्ही लाल द्रवाचा मागा. पाऱ्याचा फुटला तर पारा घरभर पसरतो आणि त्याची वाफ विषारी असते. आणल्या दिवशी पाणी उकळायची घाई करू नका. आधी मुलीलाच बर्फाच्या चुऱ्यात तो धरून शून्य तपासायला सांगा, आणि जो आकडा दिसेल तो तारखेसकट लिहायला लावा.