वाचकांचे प्रश्न : मैदानातून डगआउटकडे

प्रश्न : मोठा फुटबॉलपटू निवृत्त झाला की त्याच्याकडे लगेच मोठ्या क्लबचा संघ का सोपवू नये? खेळ तर त्याला कळतोच.

उत्तर : काही क्लब सोपवतात आणि बहुतेक वेळा पस्तावतात. इटलीचा माजी खेळाडू आंद्रेआ पिर्लो याला तिथल्याच युव्हेंटस क्लबने २०२०च्या जुलैअखेरीस २३ वर्षांखालील संघ दिला आणि नऊच दिवसांत मुख्य संघ. त्या मुलांबरोबर त्याचा एकही सामना झाला नव्हता. सलग नऊ वेळा लीग जिंकलेला क्लब त्या हंगामात चौथा आला. इटालियन चषक जिंकूनही पिर्लोला जावं लागलं.

झाबी अलोन्सो उलट वाटेने गेला. विश्वचषक जिंकलेला हा स्पॅनिश खेळाडू २०१७ मध्ये निवृत्त झाला आणि त्याने पहिल्यांदा हाती घेतली ती रेयाल माद्रिदची १४ वर्षांखालील मुलं. मग २०१९ पासून तीन हंगाम रेयाल सोसिएदादचा दुय्यम संघ. तो संघ २०२१ मध्ये वरच्या श्रेणीत गेला आणि पुढच्याच वर्षी खाली आला. आमच्या मते ही घसरणच त्याच्या सगळ्यात कामी आली असावी, कारण चुका करायला अशी शांत जागा मोठ्या क्लबात मिळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने बायर लेव्हरकुसेन हा जर्मन क्लब हाती घेतला, तेव्हा लीगच्या आठ सामन्यांत पाच गुण होते आणि संघ अठरांमध्ये सतरावा होता. तो हंगाम सहाव्या स्थानावर संपला. २०२३-२४ मध्ये लीगच्या ३४ सामन्यांत २८ विजय, ६ बरोबरी, पराभव एकही नाही.

प्रश्न : प्रशिक्षकाचा परवाना नसेल तर काय होतं?

उत्तर : युरोपात सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या आहेत आणि वरच्या श्रेणीच्या मुख्य प्रशिक्षकाला प्रो लागतो. नावाचा दबदबा इथे चालत नाही. २०१४ मध्ये फ्रान्सचा माजी दिग्गज खेळाडू झिनेदिन झिदान रेयाल माद्रिदच्या दुय्यम संघाचं काम पाहत होता. त्या श्रेणीला लागणारी पात्रता नसल्यामुळे स्पॅनिश महासंघाने त्याच्यावर तीन महिन्यांची बंदी घातली. ती पुढे टिकली नाही, पण कागदपत्रं आधी पूर्ण करावीत हे सगळ्यांनाच कळलं.

प्रश्न : लेव्हरकुसेनची ३-४-२-१ रचना (मागे तीन, मध्ये चार, पुढे दोन आणि टोकाला एक) आमच्या संघात उतरवली, पण गोल खातोय. का?

उत्तर : बहुधा दोन्ही विंग-बॅक (मधल्या चौघांपैकी कडेने वर-खाली धावणारे) आणि मधले दोघे एकाच वेळी वर जात असतील. लेव्हरकुसेनमध्ये डावीकडून ग्रिमाल्डो आत यायचा आणि उजवीकडचा फ्रिम्पाँग थेट दूरच्या गोलखांबापाशी धावायचा. ते परवडायचं, कारण मागे तीन बचावपटू असायचे आणि चेंडू गेला की जवळचे खेळाडू लगेच तुटून पडायचे. तुम्ही एक नियम ठरवा : मधल्या दोघांपैकी एकाने तिघांच्या पुढे थांबायचंच. कोण थांबणार हे त्या दोघांनी सामन्यात एकमेकांना ओरडून सांगायचं, मनात ठेवायचं नाही.

प्रश्न : माजी खेळाडू प्रशिक्षक झाल्यावर नेमका कुठे चुकतो?

उत्तर : शिकवताना. चेंडू येण्याआधीच तो मान वळवून मागचं पाहत आलेला असतो, पण ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आपण काय करतो हे त्याला सांगता येत नाही. मग तो 'पटकन खेळ' म्हणून ओरडतो, नाहीतर स्वतःच पास देऊन दाखवतो. मुलांना पास दिसतो, मान दिसत नाही.

तीच सवय वेगळी काढून शिकवावी. दहा मीटर अंतरावर दोघे चेंडू देणारे, मध्ये एक घेणारा. चेंडू निघताना घेणाऱ्याच्या मागचा भिडू बोटं वर करतो. घेणाऱ्याने मान वळवून ती मोजायची आणि चेंडू पायाला लागण्याआधी आकडा मोठ्याने सांगून मग वळायचं. दोन मिनिटांनी जागा बदला. आकडा चुकतो तो बहुतेकदा नजर चेंडूवरच खिळल्यामुळे.

दुसरी चूक मध्यंतरात. पंधरा मिनिटं मिळतात, पण आत येणं, पाणी, पायाची मलमपट्टी, परत जाणं यात निम्मी जातात. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं काहीच बोलू नये, श्वास बसू द्यावा. मग फळ्यावर दोनच मुद्दे, जागेच्या खुणांसकट. पाच मुद्दे सांगितले तर मैदानात एकही पोहोचत नाही.

आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी न खेळलेल्यांकडे लक्ष द्या. खेळलेल्यांना हलकी हालचाल पुरे, पण बाकावर बसलेल्यांना त्या दिवशी पूर्ण जोराचा सराव हवा. तो चुकत गेला तर तीन-चार आठवड्यांनी ते सामन्यासाठी तयार नसतात, आणि नेमकी तेव्हाच त्यांची गरज पडते.